चारकोपचा राखणदार

फाल्गुन लागला की आमच्या चारकोपला दुपारचा वारा खाडीकडून यायला लागतो. जेवणं आटोपून जरा आडवं व्हावं, तर खिडकीचा पडदा फुगतो आणि घरभर ओहोटीच्या चिखलाचा वास पसरतो. नव्यानं राहायला आलेली माणसं नाक मुरडतात, खिडक्या लावून घेतात. मला तो वास आला की बरं वाटतं. खाडी अजून आहे, तिचं येणंजाणं चालू आहे, एवढं कळतं. आणि त्या वासात मला आणखी एक वास मिसळून येतो, जो आता तिथं नसतो. ओल्या विटांचा. नुकत्या रचलेल्या भिंतीवर बादलीनं पाणी मारलं की तापलेली वीट एक सुस्कारा सोडते, त्याचा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचा तो उन्हाळा. आम्ही तेव्हा इथं नवीन होतो. आम्हीच काय, सगळेच नवीन होते. सरकारनं खाडीलगतची सपाट जमीन आखून छोटे छोटे तुकडे पाडले होते, लॉटरीत ज्यांचे नंबर लागले त्यांनी आपापलं घर आपणच बांधायचं होतं. मधे एक चौक मोकळा, त्याच्या चारी बाजूंनी घरांची जोती. कुणाच्या भिंती कंबरेपर्यंत आलेल्या, कुणाच्या खिडकीपर्यंत. ज्यांची घाई होती ते अर्ध्या भिंतींवर पत्रे टाकून राहायलाही आले होते. आम्ही त्यातलेच. रात्री पत्र्याच्या आणि भिंतीच्या फटीतून चांदणी दिसायची. माझा नवरा मोहन म्हणायचा, "फुकटात आकाश मिळालंय, बघून घे."

सावली मात्र कुठेच नव्हती. भराव टाकून केलेली जमीन, दुपारी पांढरीफट्ट. सगळ्या वसाहतीत आमच्या चौकात तेवढं एक झाड वाचलं होतं. भेंडीचं. भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी वाढते ती भेंड, पिंपळासारख्या पानांची. सकाळी तिची फुलं फिकी पिवळी असतात, संध्याकाळपर्यंत तांबूस होतात आणि गळून पडतात. भराव टाकणाऱ्यांनी तिला का सोडलं, कुणाला ठाऊक नव्हतं. बहुतेक जेवायला तिच्याच खाली बसत असतील.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी मुलगी परदेशात शिकायला होती, तेव्हा तिनं एकदा फोनवर सांगितलं होतं, "आई, इथं काही लोक आहेत, ते झाडांना, पाण्याला, सूर्याला मानतात. म्हणतात, आमच्या फार जुन्या पूर्वजांचा धर्म आम्ही नव्यानं जगतोय. वर्षाचे आठ सण, सगळे उन्हाचे आणि पिकांचे. तू त्यांच्यातलीच आहेस बघ."

मी हसले होते. पण नंतर बरेच दिवस ते डोक्यात राहिलं. कारण खरंच, मी देवळात फारशी जात नाही. लहानपणापासूनच गाभाऱ्यातल्या अंधारापेक्षा बाहेरच्या ओवरीत मन जास्त रमायचं. सकाळी उठले की खिडकीतून दिसेल तेवढ्या आभाळाकडे बघून हात जोडते. भांडी विसळलेलं पाणी कुंडीत ओतते. कढीपत्ता तोडायच्या आधी त्या रोपट्याला बोट लावते, घेऊ का म्हणून. सूर्य मावळल्यावर फूल तोडत नाही. प्लास्टिकची पिशवी वाऱ्यावर उडाली तर तिच्यामागे धावते, कारण ती शेवटी खाडीत जाणार आणि खाडी कुणाचं तरी घर आहे. शेजारच्या मुली मला बघून गालात हसतात, पण हल्ली त्याही धावतात.

याला धर्म म्हणायचं तर म्हणा. पण माझ्या मुलीला वाटतं तसा तो मला आयता मिळाला नाही. अर्धा मी सासऱ्यांकडून शिकले आणि अर्धा माझ्या मैत्रिणीकडून, कमलकडून. आणि दोघांचं म्हणणं एकमेकांना छेद देणारं होतं.

माझ्या सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. मालवणकडचे. उभा जन्म गिरणीत साचा चालवण्यात गेला, आणि संपानंतर गिरणी उघडलीच नाही. कित्येक वर्षं ते परळच्या खोलीत नुसते खिडकीशी बसून असायचे. चारकोपला नंबर लागला तेव्हा त्यांच्यात पुन्हा जीव आला. रोज सकाळसंध्याकाळ भिंतींना पाणी मारायचं काम त्यांनी मागून घेतलं. तहान लागलेल्या गुराला पाजावं तसं ते भिंतींना पाणी पाजायचे.

पण जोत्याचा पहिला खड्डा खणायच्या दिवशी ते अडून बसले होते.

"सुमन, अगो ही जमीन कोणाची?" त्यांनी मला विचारलं.

"सरकारची, आबा. कागद आहे ना आपल्याकडे."

"सरकार काल इला. त्येच्या आधीपासून हय कोण आसा, त्येका इचारूक व्हया."

कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. दिसत नाही, पण शिवेवर, जुन्या झाडाखाली, पाणवठ्याशी त्याचा वास असतो. घर बांधायचं, झाड तोडायचं, विहीर खणायची, तर आधी त्याला सांगायचं. त्याची जागा आपण वापरतो आहोत हे तोंडानं कबूल करायचं. मला हे फार आवडलं होतं. गवंडी कुदळ घेऊन ताटकळला होता, मोहनची चिडचिड चालली होती, आणि आबा उघड्या माळावर वाऱ्याशी बोलत होते, "कोण हस ता ठावक नाय, पण आमका पदरात घे." मग त्यांनी नारळ फोडला, पाणी जमिनीवर शिंपडलं आणि गवंड्याला म्हणाले, "आता मार."

त्या खड्ड्यातून एक काळा, गुळगुळीत दगड निघाला. आबांनी तो धुऊन भेंडीखाली नेऊन ठेवला. वर एक फूल. एवढंच.

कमल आमच्या समोरच्या ओळीत राहायला आली होती. घाटावरच्या माण भागातली, बौद्ध कुटुंबातली. मालाडला शाळेत शिकवायची. तिचा नवरा पाळीच्या नोकरीवर, म्हणून घराच्या बांधकामावर तीच उभी असायची, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तपासायच्या वह्या. पहिल्याच दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुझ्या गवंड्याचा ओळंबा घेऊ का जरा? आमच्यानं तो हरवलाय आणि नुसत्या डोळ्यानं भिंत बांधतोय. वाट लागेल माझी." तिथून आमची मैत्री जमली. सकाळी पाण्याच्या नळावर आम्ही मागेपुढे उभ्या राहायचो. सगळ्या चौकाला तो एकच नळ होता, भेंडीच्या अलीकडे. पाणी यायच्या आधी नळ सू-सू करायचा, आणि तेवढ्या वेळात कमल मला तिच्या वर्गातल्या मुलांच्या नकला करून दाखवायची.

आबांचा दगड तिनं पाहिला होता. एकदा म्हणाली, "तुझे सासरे झाडाशी बोलतात ते गोड वाटतं गं. पण दगड ठेवला की मला भीती वाटते."

"कसली भीती? साधा दगड आहे."

"साधा दगड साधा राहत नाही," ती म्हणाली आणि कळशी नळाखाली सरकवली.

तिचं खरं व्हायला फार दिवस लागले नाहीत.

आधी कुणीतरी दगडाला शेंदूर लावला. मग अगरबत्ती आली. मग आमच्याच ओळीतला विलास, जवळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा, भलताच उत्साही मुलगा, त्यानं मनावर घेतलं. विलास वाईट नव्हता, हे आधीच सांगते. चौकात तारा ओढून दिवे त्यानंच आणले होते. कुणाचं पोर आजारी पडलं तर रिक्षा शोधायला तोच पळायचा. त्याला काहीतरी मिळून करायचं असायचं, आणि मिळून करायचं म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे देऊळच यायचं.

"आबा, झकास मंदिर बांधू ना," तो म्हणाला. "चार खांब, वर स्लॅब, पुढे ग्रिल. सिमेंट मी आणतो. आपल्या चौकाची शान वाढेल."

आबा खूश झाले. का नाही होणार? गिरणी बंद झाल्यापासून त्यांनी सुरू केलेलं काहीतरी पहिल्यांदाच कुणीतरी उचलून धरलं होतं. विलासनं विटांनी जमिनीवर आखणी केली. ती आखणी नळाच्या अगदी जवळून गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून चौकात एक अदृश्य रेघ उमटली. त्या रेघेच्या आत चपला घालून जायचं नाही. आत खरकटं सांडायचं नाही. मग विटाळशी बायकांनी नळावर त्या बाजूनं येऊ नये. प्रत्येक नियम कुणीतरी सहज, हसत सांगायचं. कुणी बनवला ते कुणालाच माहीत नसायचं.

एका सकाळी मी नळावर पोचले तर कमल रांगेत नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती शाळेत जायला निघाली होती, केसांना पिना लावत होती.

"पाणी कुठून भरतेस?"

"मागच्या चौकातून."

"एवढ्या लांबून? का?"

तिनं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "विलासची आई म्हणाली, कमल, तुझ्या कळश्या जरा पलीकडून नेशील का, देवाची जागा आहे ना ती. फार गोड बोलली. बाळ, असंही म्हणाली."

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं हात वर केला.

"ऐक. आमच्या गावात देवीची जत्रा भरायची. लहानपणी आम्ही पोरं उतारावर उभी राहून लांबून बघायचो. पालखी लांबून, दिवे लांबून. जिलबीचा वास तेवढा जवळ यायचा. मला वाटायचं, मोठी झाले की जवळ जाईन. मोठी झाले तेव्हा कळलं, लांब उभं राहायची जागा आमच्यासाठी ठरवून ठेवलेली होती, आणि ती देवीच्या नावानं ठरवलेली होती. म्हणून माझ्या वडिलांनी ते देव सोडले, सुमन. रागानं नाही, शहाणपणानं सोडले. आता इथं, या भरावावर, जिथं कुणाचं गाव नव्हतं, कुणाची वेस नव्हती, तिथं तुम्ही पुन्हा तेच आणलंत."

ती 'तुम्ही' म्हणाली. आमच्यात तोवर फक्त 'तू' होतं.

त्या दिवशी आबा जेवायला बसले तेव्हा मी ताट वाढलं आणि समोर बसून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मोहन मला डोळ्यांनी खुणावत होता, जेवताना कशाला. पण मी थांबले नाही. आबांचा हात भातात तसाच राहिला.

"मी कोणाक काय बोललंय नाय," ते म्हणाले.

"तुम्ही नाही बोललात, आबा. पण तुमच्या दगडाच्या नावानं बोललं गेलं."

ते उठून हात धुवायला गेले. दुपारभर भिंतीशी तोंड करून पडून राहिले. त्यांना झोप लागली नव्हती, पाय हलत होते.

आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, जुन्या गोष्टींकडे परत जायचं म्हणणाऱ्यांनी इथं थोडं थांबलं पाहिजे. पूर्वी माणसं जमिनीला आई म्हणत, पाण्याला देव म्हणत, हे खरंच. पण त्याच पाण्याला हात लावायचा नाही असंही तीच माणसं दुसऱ्या माणसांना सांगत होती. हे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेलं आपल्याकडे आलं आहे. तांदूळ निवडतो तसं ते उन्हात पसरून निवडावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. पण न निवडता शिजवलं तर घासात खडा येतोच, आणि गंमत अशी की तो नेहमी दुसऱ्याच्या घासात येतो.

संध्याकाळी विलास आला. रविवारी पाया खणायचा, असं सांगायला. आबा म्हणाले, "कौल घेवया."

कौल म्हणजे देवाला विचारणं. दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रविवारी सकाळी सगळा चौक जमला. आबांनी आंघोळ करून, ओलेत्यानं, भेंडीच्याच पिवळ्या पाकळ्या दगडाला लावल्या. विचारलं, "म्हाराजा, तुका देऊळ व्हया काय?" आणि सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. वारा पडला होता. एकही पाकळी हलेना. पोरं चुळबुळ करू लागली. विलासची आई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती.

तेवढ्यात कमल मागच्या चौकातून भरलेली कळशी घेऊन आली. तिचा रस्ता गर्दीपाशी अडला. ती थांबली. काय चाललंय ते तिनं पाहिलं, आणि अगदी वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "आबा, दगडाला काय विचारताय? मला विचारा ना. मी इथंच राहते."

ती वाट काढून घरी गेली.

झाडाला, दगडाला, जमिनीला विचारणं सोपं असतं. ती उलट बोलत नाहीत. आपल्याला हवं ते उत्तर ऐकू येईपर्यंत आपण थांबू शकतो. माणसाला विचारलं की उत्तर त्याच्या तोंडून येतं, आणि ते आपल्याला परवडेलच असं नसतं.

आबांनी पाकळ्या स्वतःच काढल्या. कोरडे कपडे घातले आणि मला म्हणाले, "चल गो माझ्यावांगडा." आम्ही समोरच्या ओळीत कमलच्या दारात गेलो. इतके महिने समोरासमोर राहून आबांनी त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. कमलनं दोन घडीच्या खुर्च्या उघडल्या. भिंतीला अजून गिलावा नव्हता, बुद्धाचा फोटो विटांच्या खाचेत खिळा ठोकून लावला होता.

आबा म्हणाले, "इचारूक इलंय. सांग. देऊळ नको काय?"

कमलनं आधी स्टोव्ह पेटवला. चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "झाडाखाली बसायला मला आवडतं, आबा. सगळ्या चौकात तेवढीच सावली आहे. पण तिथं देव बसला की आम्हाला उठावं लागतं. कुणी उठवायच्या आधीच उठायची सवय लागलेली असते. माझ्या मुलाला ती सवय लागू नये, एवढंच मला हवंय. बाकी तुमच्या राखणदाराशी माझं भांडण नाही."

आबांनी शेजारच्या भिंतीच्या विटेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "राखणदार कोणाक उठवणा नाय. माणसां उठवतत."

"मग माणसांना सांगा."

तिनं चहाचे कप पुढे केले. माझं लक्ष नकळत आबांच्या हाताकडे गेलं. कमलचंही गेलं असणार. आबांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर मारून प्यायले. कमल हसली, पण सरळच बोलली, "चहा प्यायलात म्हणून मी उपकार मानणार नाही हं, आबा."

"मानू नको," आबा म्हणाले. "साखर जरा कमी घाल, माका चलणा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळावर भर रांग असताना, आबा कुदळ घेऊन आले. भेंडीच्या मुळाशी त्यांनी खड्डा घेतला, शेंदूर लागलेला दगड उचलून त्यात ठेवला आणि माती लोटली. विलासच्या आईनं कपाळाला हात लावला.

"अहो, देव पुरलात?"

"देव नाय पुरलंय. दगड पुरलंय," आबा म्हणाले. "जमिनीतसून काढललो, जमिनीत घातलंय. राखणदार हयच आसा, सगळ्या जागेत. त्येका कुंपण घातलास तर त्येनाच खय जावचा?"

विलास संतापला. "आबा, तुम्हीच सुरू केलंत, तुम्हीच मोडलंत. माझं सिमेंट येऊन पडलंय!" असं म्हणून गेला, आणि नंतर बरेच दिवस आमच्या दारावरून जाताना मान फिरवायचा. आबांना ते लागलं. संध्याकाळी भिंतींना पाणी मारताना ते मधेच थांबायचे. मी म्हटलं, "येईल परत." ते म्हणाले, "येतलो. पोरगो बरो आसा." पण आवाजात खात्री नव्हती.

मग होळी आली. आमच्या चौकाची पहिलीच. आबांनी आधीच बजावलं होतं, झाडाची एक फांदी तोडायची नाही. म्हणून होळी रचली ती बांधकामाच्या उरलेल्या लाकडांची. सेंटरिंगच्या मोडक्या फळ्या, खिळे काढून घेतलेल्या पट्ट्या, वाळकं गवत. सिमेंट लागलेल्या फळ्या जळताना तडतडत होत्या. ऊन नुकतंच उतरलं होतं, खाडीवरचं आभाळ अजून तांबडं होतं. सगळा चौक बाहेर आला होता. विलासही आला, जरा लांब उभा राहिला. कमल आपल्या ओट्यावर मुलाला घेऊन बसली होती.

आबांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे हे मोठ्यानं घालतात, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची.

"बा देवा म्हाराजा! ह्या खाडीच्या, ह्या तिवरांच्या मुळाशी जो कोण बसलो हस, त्येका आमी आज गाऱ्हाणा घालतो!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी हय आगंतुक इलंव. तुझ्या जागेर इटा रचल्यो. काय चुकला माकला तर पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण कोकणातना इलो, कोण घाटावरना इलो. कोणाच्या घरात गणपती, कोणाच्या घरात बुद्ध. सगळ्यांच्या भिंतींका बळ दी, सगळ्यांच्या नळाक पाणी दी!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या सावलीतसून जो कोण कोणाक ऊठ म्हणात, त्येची जीभ त्येका जड होवंदे!"

इथं साथ आली नाही. फळ्या तडतडत राहिल्या. विलासची आई खाली बघत होती. आबांचा हात वर तसाच राहिला होता. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझा एकटीचा आवाज फार बारीक आला. मग मोहनचा आला. मग मागून कुणाचा तरी जोरात, आणि मी वळून पाहिलं तर तो विलास होता. त्यानंतर सगळेच म्हणाले.

कमल म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी नळावर, आमच्याच नळावर, ती माझ्या पुढे उभी होती. वळून म्हणाली, "मी 'व्हय' म्हटलं नाही, पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"म्हणणारही नाही. पण ऐकलं सगळं." आणि मग तिनं हेडमास्तरांची नक्कल केली, आणि मी हसता हसता कळशी सांडली.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. विलासची आई त्यानंतरही कित्येक वर्षं भेंडीच्या खोडाला हळदकुंकू लावायची, आणि तिच्या मनातली रेघ पुसली गेली की नाही मला माहीत नाही. पण कळशी कुणी कुठून न्यावी हे तिनं पुन्हा कुणाला सांगितलं नाही. आणि मला स्वतःला त्या उन्हाळ्यात एक कळलं. मातीला नमस्कार करून चालू लागायचं एवढ्यावर भागत नाही. त्या मातीवर आपल्या शेजारी कोण उभं आहे, त्याला उभं राहायला जागा आहे ना, हे बघणं हा त्या नमस्काराचाच भाग आहे. तेवढं राहून गेलं तर नमस्कार अर्धा राहतो.

चैत्रात ऊन असह्य झालं. विलासचं सिमेंट पडून होतं, आणखी ठेवलं असतं तर दगड झालं असतं. एका रविवारी त्यानं काही न बोलता भेंडीभोवती विटांचा गोल कट्टा बांधायला घेतला. ग्रिल नाही, पायरी नाही, चारी बाजूंनी मोकळा. आबा जाऊन त्याच्या विटांवर पाणी मारू लागले. दोघं एकमेकांशी बोलले ते थेट संध्याकाळी, आणि तेही कट्टा किती उंच असावा यावरून भांडायला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कमलची आई गावाहून आली. पहिल्यांदाच मुंबईला. नऊवारी, हातभर हिरव्या बांगड्या, उन्हानं रापलेला चेहरा. दुपारी पत्र्याखाली घरात बसवेना, तेव्हा ती ताटात घेवड्याच्या शेंगा घेऊन बाहेर आली. कट्ट्यावर आबा बसले होते, मी खाली वाळवणाची चादर झटकत होते. बाई कट्ट्यापासून बरीच अलीकडे थांबली. तिनं चपला काढल्या, आणि त्या तापलेल्या जमिनीवर उभी राहून विचारलं, "हितं बसलं तर चालंल न्हवं?"

आबा गडबडून उठले. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना विचारून घ्यायला शिकवलं होतं. माणसानं जमिनीला विचारावं, झाडाला विचारावं. पण हिला विचारावं लागू नये, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. "हय बसाक इचारूक लागणा नाय गो बाय," ते म्हणाले.

तिला मालवणी कळली नाही. ती तशीच उभी. "काय म्हंत्यात?" तिनं माझ्याकडे बघितलं.

कमल दारातून बाहेर आली. कमरेला पदर खोचलेला, हात पिठाचे.

"आई, चप्पल घाल. पाय भाजतील," ती म्हणाली. "आणि बस तिथं. झाड आहे ते."

बाईनं चपला पायात सरकवल्या. ती कट्ट्याच्या अगदी कडेवर बसली, कुणी म्हणालं तर चटकन उठता येईल अशी. ताट मांडीवर घेतलं, एक शेंग सोलली, दुसरी सोलली. वरून एक पिवळं फूल तिच्या ताटात पडलं, तिनं ते बाजूला ठेवलं. आबा पलीकडे बसून तिला गावाकडे पाऊस कसा असतो ते विचारत होते, ती तिच्या बोलीत सांगत होती, आणि दोघांना एकमेकांचं निम्मंच कळत होतं. मी चादर झटकत राहिले. बोलता बोलता ती थोडी मागे सरकली. मग आणखी थोडी. आणि शेवटी तिनं पाय वर घेऊन मांडी घातली आणि पाठ खोडाला टेकवली.